आडवं घालायची वेळ

दिवाळीत सुरतेला एक गोष्ट होते, ती बाहेरच्यांना सांगून पटत नाही. माग थांबतात. वर्षभर आमच्या गोडादऱ्याच्या भिंतींना खटखट चिकटलेली असते. इतकी, की तिला कुणी आवाज म्हणतच नाही. मग धनतेरसेच्या आसपास कापडाचा शेवटचा ताका उतरतो, कारीगर पिशव्या घेऊन खानदेशच्या गाडीकडे पळतात आणि दुपारी कधीतरी अख्खी वस्ती गप्प होते. पण लोक दोन-तीन दिवस ओरडूनच बोलत राहतात. हातभर अंतरावरच्या माणसाकडे मीठ मागितलं तरी ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. माग बंद झालेत हे तोंडाला कुणी सांगितलेलंच नसतं.

यंदाही तशीच शांतता पडली आहे आणि मी पत्रक लिहायला बसले आहे. मागकामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहिणं हेच माझं काम, दोन वर्षांपासून. पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही, म्हणून माझी भाषा जरा खरखरीत झाली आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, किंवा घेऊ नये. यंदाचा विषय आहे मागवाल्यांचे कान. कानात घालायला बोळे द्या, वर्षातून एकदा कान तपासा, असं मागायचं आहे. आमचे शेठ लोक म्हणतात, आवाज आहे म्हणजे धंदा आहे. बरोबर आहे. आवाज आमच्याकडे असतो आणि धंदा त्यांच्याकडे.

छापखाना लाभपाचमेपर्यंत, म्हणजे भाऊबिजेनंतरच्या पंचमीपर्यंत, बंद आहे, घाई नाही. आणि घाई नसली की पत्रक येत नाही. येते ती पाच-सहा वर्षांपूर्वीची दिवाळी.

मी दहावीत होते. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून आम्ही गावी गेलो नाही. बाबा एकटेच सांजोऱ्यांचा डबा घेऊन पारोळ्याकडे गेले. वस्तीत उरले मोजके लोक, भरपूर कुत्री आणि बंद शटरांमधून येणारा मागाच्या तेलाचा वास. पुढच्या गल्लीपलीकडे तेव्हा अजून शेतं होती. दुपारी तिकडून येणारा वारा ऐकू यायचा. वारा ऐकू येतो हे मला त्या वर्षीच कळलं.

खेळ आणला केतनने. केतन समोरच्या सोसायटीतला, माझ्या ट्यूशनचा, गुजराती, इंग्रजी शाळेत जाणारा. त्याच्या इंग्लंडच्या मामाचा मुलगा येऊन गेला आणि एक जाडं पुस्तक मागे विसरला. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, मधली पानं चहात बुडालेली. त्यात एका खेळाचे नियम होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची: गुहा, पूल, राक्षस. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते बोलायचं. घाव बसला की हुकला ते फाशावर ठरणार. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. तो आम्ही कुठून आणणार? आईच्या मोहरीच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. त्यांना शेवटपर्यंत मोहरीचा वास येत राहिला. अजूनही फोडणीचा आवाज आला की मला वाटतं, आता कुणाला तरी घाव बसणार.

खेळणारे चौघं. गोष्ट सांगणारा केतन. मी वैदीण. शेजारच्या खोलीतली रेखा, मूळ नांदेडकडची, खेळात चोरटी आणि खेळाबाहेर तोंडाळ. आणि माझा मोठा भाऊ प्रल्हाद. दादा आठवीनंतर मागावर लागला होता. त्या दिवाळीला तो एकोणीस-वीसचा असेल. इतक्या सुट्टीचं काय करायचं हे त्याला कळेना म्हणून तो आमच्यात येऊन बसला, आणि पहिल्या दुपारीच सगळ्यांपेक्षा जास्त गुंतला.

त्याने ढालकरी निवडला. केतनने सांगितलं होतं, "प्रल्हादभाई, उसमें मजा नहीं. ढालवाला खुद मारत नाही. दुसऱ्यावर घाव येतो तेव्हा मध्ये ढाल घालतो, बस."

दादा म्हणाला, "मग तेच द्या."

आई खाटेवरून म्हणाली, "तो शेच तसा."

पुस्तकात या मध्ये घुसण्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला 'आडवं घालणं' म्हणायला लागलो. कुणी आपल्याला मारतोय, आणि आपली पाळी नसताना आपण मध्येच काहीतरी करतो, ते आडवं. सगळी भांडणं तिथेच. आडवं नेमकं घालायचं कधी? केतनने हात डब्यात घातला तेव्हा? चिठ्ठी बाहेर आली तेव्हा? उघडली तेव्हा? पुस्तक म्हणत होतं, घाव जाहीर झाल्यावर आणि आकडा वाचण्याआधी. वाचायला सोपं. रेखा केतनच्या खांद्यावरून चिठ्ठीत डोकवायची, आकडा मोठा दिसला की "आडवं" ओरडायची, आणि वर म्हणायची, "वाचलं कुठं? तू अजून तोंड उघडलं नाहीस. म्या आधी म्हणले."

"तूने देखा."

"डोळ्यानं बघितलं. वाचणं वेगळं."

तिच्यापुढे पुस्तकाचाही इलाज नव्हता.

एक गंमत दुसऱ्या दिवशीची. दादाचा ढालकरी एका मोठ्या सरड्याच्या शेपटीने खाली पडला होता. दादाची पाळी आली. केतनने विचारलं, काय करतोस? दादा म्हणाला, "उभा राहतो." केतनने मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. सरडा पुन्हा आला. केतन म्हणाला, "ढालवाला नीचे पड्या है, तो सीधा घाव."

"खाली कसा? मी उभा राहिलो ना."

"हां, ऊभा रह्या. इसीलिए तो नीचे है."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी आईच्या लक्षात आलं आणि ती हसता हसता प्लास्टर आपटायला लागली. गुजरातीत 'ऊभो रे' म्हणजे थांब. केतनच्या हिशेबाने दादाने पाळी सोडून दिली होती आणि पडल्या पडल्या वाट बघत होता. आम्ही इतके हसलो की सरडाही माफ केला. नंतर कितीतरी दिवस घरात कुणी झोपलेलं असलं की आम्ही विचारायचो, "काय, उभा आहेस का?"

पण तिसऱ्या दिवसापासून हसू कमी झालं. दादाचं आडवं वेळेवर पडेना. तो सावध असायचा, पुढे वाकून बसलेला, डोळे केतनवर. केतन मान खाली घालून, चिठ्ठी उघडत, पुस्तकात बघत बोलायचा, आणि दादाचं "आडवं" यायचं तेव्हा आकडा वाचून झालेला असायचा. एकदा, दोनदा, पाचदा. ज्याच्या माणसाला मध्ये पडण्याशिवाय दुसरं कामच नाही, तो दर वेळी उशिरा. माझ्या वैदिणीला बाण लागला, दादा उशिरा. रेखा खड्ड्यात पडली, दादा उशिरा.

रेखा म्हणाली, "प्रल्हाददादा, झोपलाव का?"

दादा हसला. ते हसणं मला ओळखीचं होतं. बाबा एकच गोष्ट त्याला तीनदा सांगायचे आणि मग म्हणायचे, "याचं ध्यान कुठं असतं?" तेव्हा तो असाच हसायचा. लक्ष नसलेला मुलगा असा आमच्या घरात त्याचा शिक्का होता. तो शिक्का मीही मारलेला. पण त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले होते आणि त्याचं लक्ष कुठे आहे ते मला दिसत होतं. ते पूर्ण तिथेच होतं. आवाज तेवढा तिथे पोचत नव्हता.

मला राग आला. हा माझा पहिला खरा राग, आणि तो एका पुस्तकावर आला. ज्याने कुणी तो नियम लिहिला त्याचं घर एखाद्या शांत गल्लीत असणार. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना एकच शब्द एकाच क्षणी ऐकू जातो, असं त्याने धरूनच चाललं होतं. कुणाच्या नावाने? कुणाला विचारून? आठवीनंतर मागावर लागलेल्याला त्याने विचारलं होतं का?

आणि मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, लाल पेनने. मथळा होता: ढालकऱ्यावरील अन्याय थांबवा. खाली लिहिलं होतं की प्रल्हाद यांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना चिठ्ठी वाचल्यानंतरही आडवं घालण्याची सवलत देण्यात यावी, अन्यथा आम्ही खेळावर बहिष्कार टाकू. 'आम्ही' म्हणजे मी एकटी. दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर मी उभी राहिले, मराठी अर्थाने, आणि ते मोठ्याने वाचलं. किती मोठ्याने? मागाच्या आवाजावर जितकं लागतं तितक्या. माग तर बंद होते. गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा माना वळवल्या.

केतन चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. दादाने माझ्या हातातून कागद घेतला आणि सावकाश वाचला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दिसतं."

"मला नाही दिसलं," तो म्हणाला.

त्याने कागदाची नीट चौघडी केली, खिशात ठेवली, चप्पल घातली. दारातून म्हणाला, "तुम्ही खेळा. मला ते जमत नाही." आणि गेला.

आजवर मी शेकडो पत्रकं लिहिली असतील. काही चुकीच्या माणसांविरुद्ध लिहिली, काहींत शुद्धलेखन चुकलं. पण एखाद्या माणसाला त्याचीच बातमी गल्लीभर ओरडून सांगायची, आणि ती त्याला आपल्या आधी कळली असेल असं धरून चालायचं, ही चूक मी एकदाच केली. त्या पुस्तकवाल्यात आणि माझ्यात त्या दुपारी फार फरक नव्हता. तोही सगळ्यांना सगळं एकाच वेळी कळतं असं समजून बसला होता.

आईला मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

ती सांजोरीची कड मोडत म्हणाली, "माले ठाऊक शे. मी त्याना समोर जाईसन बोलस. तू मांगून वरडस."

तिने कधी सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी तो सांगायचा विषयच नव्हता. कुणी डावखुरा असतो, कुणाला समोरून बोलावं लागतं. मी आठवायला लागले. खरंच, आई त्याला कधी स्वयंपाकघरातून हाक मारत नसे. ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहायची, त्याने वर बघितलं की मग बोलायची. मला वाटायचं, लाडका आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला नाही. आम्ही तिघांनी थोडं खेळून पाहिलं. राक्षस आला, कुणी मध्ये पडलं नाही, आणि केतनने आकडा वाचेपर्यंत रेखाने वाट बघितली, डोकावली नाही. मग म्हणाली, "काहून की मजा येईना." केतनने खायला आणलेल्या मठियांची पिशवी गुंडाळली आणि म्हणाला, "उसको बुला ना." मला म्हणाला. त्या वेळेपुरता तो माझा शेठ आणि मी कारीगर. मी निघाले.

दादा त्याच्या खात्यासमोर बसला होता. खातं म्हणजे माग असतात तो कारखाना. शटर बंद होतं, त्यावर शुभ-लाभ रंगवलेलं, आणि तो ओट्यावर बसून एक रिकामी कांडी बोटांत फिरवत होता. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या होडीसारख्या तुकड्यात, घालायची लाकडी बॉबिन, जिच्यावर आडवा धागा गुंडाळलेला असतो. आमच्या घरात डबाभर पडलेल्या असायच्या, लहानपणी आम्ही त्यांनी क्रिकेटचे स्टंप केले होते. मी पाठीमागून "दादा" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. मग माझं मलाच कळलं. वळसा घालून पुढे गेले आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. भूक लागलीय का, असं विचारतात.

"भूक लागली का?"

"नाही." मग कांडी फिरवायची थांबवून, "सवलत कसली देतेस गं मला? वाचून झाल्यावर आडवं घालू दे, म्हणे. मग ती ढाल कसली? घाव बसलाय हे कळल्यावर मध्ये उडी मारायला काय लागतं?"

"मग काय करायचं?"

त्याने कांडी तोंडात धरली आणि दोन्ही हात मोकळे केले. मनगटं जोडली, एक तळवा वर उचलला, एक खाली, मगरीच्या जबड्यासारखे. कांडी काढून ओट्यावर ठेवत म्हणाला, "हे बघ. उभ्या तारा अशा उघडतात. अर्ध्या वर, अर्ध्या खाली. याला तोंड म्हणतो आम्ही. तोंड उघडं आहे तोवर धोटा आडवा जातो. लवकर गेला तर जागा नाही. तोंड मिटताना गेला तर मध्येच अडकतो आणि मूठभर तारा तोडतो, मग अर्धा दिवस गाठी मारत बसा. ही वेळ जुळवताना कुणी ओरडून सांगत नाही, आता टाक म्हणून. सांगितलं तरी कुणाला ऐकू जातंय तिथं? डोळ्याला दिसतं."

त्याने तळवे पुन्हा उघडले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कांडी उचलून मध्ये ठेवली. त्याने तळवे मिटले.

"झालं," तो म्हणाला. "एवढंच करा."

तो नियम आम्ही भाऊबिजेला लागू केला. गोष्ट सांगणाऱ्याने मान वर करायची, सगळ्यांकडे बघून घाव कुणावर येतोय ते सांगायचं, आणि तळव्यांचं तोंड उघडायचं. एक श्वास थांबायचं. ज्याला आडवं घालायचं त्याने तळव्यात कांडी ठेवायची, बोलायची गरज नाही. तोंड मिटलं की संपलं. हात डब्यात त्यानंतरच. रेखाच्या चिठ्ठीत डोकावण्याला आपोआप आळा बसला. तिने लगेच वकिली काढली: दादाने आडवं घातलं, आणि तिला त्या आडव्यावर आडवं घालायचं असेल तर? केतन पुस्तक चाळायला लागला. त्यात म्हणे यावर अख्खं पान होतं, चहात बुडालेलं.

दादा म्हणाला, "एका तोंडात एकच धोटा. दोघांच्या कांड्या पडल्या तर खालची खरी."

केतनने पुस्तक मिटलं. मला वाटतं, त्यानंतर ते पुन्हा उघडलंच नाही. 'ऊभो रे' हा शब्दही त्याने सोडून दिला. त्याऐवजी तळवे उघडायचा. ट्यूशनमध्ये सरांनी प्रश्न विचारला आणि त्याला विचार करायला वेळ हवा असला तरी तळवे उघडायचा. सर म्हणायचे, हे काय, आरती घेतोस काय?

लाभपाचमेला सकाळी शेवटचा डाव होता. दादाचं खातं दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. पण आमच्या भिंतीपलीकडच्या खात्यात त्याच सकाळी मुहूर्त होता. आम्ही जोशात होतो, पूल अर्धा ओलांडला होता, मागे राक्षस होता. पलीकडे नारळ फुटला, आणि मग एक माग, दोन, दहा, सगळे सुरू झाले. भिंत थरथरायला लागली. डब्यातल्या चिठ्ठ्या थरथरायला लागल्या. आठ-दहा दिवसांत शांततेची इतकी सवय झाली होती की आम्ही कानांवर हात ठेवले. दादा सोडून. दादाचा चेहरा सैल झाला, घरी पोचलेल्या माणसासारखा.

केतनचे ओठ हलले. काहीच कळलं नाही. रेखा ओरडली असावी, तिचं तोंड मोठं उघडलं होतं. "काय म्हणला? काय म्हणला तो?" असंच असणार, तिचं दुसरं काय असणार. मी केतनच्या तोंडाकडे बघत होते आणि मला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्याने तळवे उघडले. आणि त्यात टपकन् एक कांडी पडली.

दादाला ओठ वाचता येत होते. खात्यात सगळे तसेच बोलतात: ओठांनी, बोटांनी, भुवयांनी. राक्षसाचा घाव माझ्या वैदिणीवर आला होता आणि ते त्या खोलीत फक्त त्यालाच कळलं होतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. मागे हो.

केतनने डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली. वीस.

ढालकरी मेला. रेखाने कपाळाला हात लावला. मला रडू फुटणार होतं, दहावीतल्या मुलीला एका कागदी माणसासाठी फुटावं तसं. दादा माझ्याजवळ सरकला, माझ्या कानाशी तोंड आणून, मागाच्या वर आवाज चढवून म्हणाला, "मेला माझा. पण वेळेवर."

मी त्याला इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं.

केतन पुढे कॉलेजला गेला, मग मामाकडे. रेखाचं लग्न कामरेजला झालं. मला खात्री आहे, तिथेही ती सगळ्यांच्या आधी बोलते. मोहरीचा डबा आहे. दादा अजून मागावर आहे आणि त्याच्या उजव्या बाजूने बोललेलं आता अगदीच पोचत नाही. या वाक्यात मला कुणावर तरी चिडायचं आहे आणि ते मी पत्रकात करणार आहे. इथे नाही.

हे लिहिता लिहिता काल दुपारी पत्रकाचाही कच्चा खर्डा झाला. घरात शांतता होती, बाहेर कुणीतरी ओरडून शेजाऱ्याला नव्या वर्षाचं साल मुबारक करत होतं. मी कागद घेऊन दादासमोर गेले. त्याने वर बघेपर्यंत थांबले. कागद त्याच्यापुढे ठेवला आणि तळवे उघडले.

तो ओळीवर बोट ठेवत वाचत गेला. पुष्कळ वेळ. माझे हात अवघडले. मग त्याने कोनाड्यातली कांडी घेतली. माझ्या तळव्यात ठेवली नाही. कागदावर ठेवली, मधल्या परिच्छेदात, एका शब्दावर आडवी. मी वाकून बघितलं. मी लिहिलं होतं: कमी ऐकू येणाऱ्या कामगारांना सवलत देण्यात यावी.

"पुन्हा तेच?" तो म्हणाला.

मी पेन घेण्यासाठी हात खाली करायला लागले, तर त्याने माझं मनगट धरलं आणि तळवे होते तसेच उघडे ठेवले.

"सावकाश लिही," तो म्हणाला. "तोंड अजून उघडं आहे."